मिशीखालची नळी

"थांबा मावशी, अजून ओतू नका," मी दारातूनच म्हणालो.

सिसिलमावशींच्या हातात दुधाने भरलेली सिरिंज होती. कॉटवर इनासकाका उशांना टेकून बसले होते. गुळगुळीत दाढी, विंचरलेली मिशी, इस्त्रीचा शर्ट. वसईतल्या नंदाखाल गावच्या त्या घरी मी आठवड्यातून दोनदा जायचो. इतके देखणे काका मी प्रथमच पाहत होतो.

मी नर्स आहे. पुरुष असल्याने लोक मला ब्रदर म्हणतात. हॉस्पिटलमधून घरी गेलेल्या पेशंटकडे होम व्हिजिट करतो. काकांना अर्धांगवायूनंतर गिळता येत नव्हतं, म्हणून त्यांना राइल्स ट्यूब होती. ही एक मऊ नळी असते. ती नाकातून घशामार्गे पोटात जाते आणि तिच्यातून दूध, पेज, औषधं देतात. नळीवर सेंटीमीटरच्या खुणा असतात. काकांच्या नाकपुडीशी पंचावन्नची खूण असायला हवी होती. त्या दिवशी तिथे पंचेचाळीस होती.

"टेप कोणी बदलली?"

"मीच. आज फादर यायचेत, कम्युनियनचा प्रसाद घेऊन. पाण्यात विरघळवून नळीतूनच देणार. पॅरालिसिस झाल्यापासून पहिल्यांदा. गालावरची टेप काढल्याशिवाय दाढी कशी होणार? परत तशीच लावली की. बघा, तुमच्यापेक्षा सरळ."

टेप खरोखरच सरळ होती. पण दाढी करताना नळी दहा सेंटीमीटर बाहेर सरकली होती. म्हणजे तिचं टोक पोटातून वर अन्ननलिकेत आलेलं असणार. अशा वेळी ओतलेलं दूध उलटून घशाशी येतं आणि श्वासनलिकेत उतरू शकतं. त्यातून न्यूमोनिया होतो. काकांच्या वयाला तो झेपला नसता.

"मी तपासलं ना," मावशी म्हणाल्या. "नळीचं टोक पाण्यात बुडवलं. बुडबुडे आले नाहीत, म्हणजे श्वासनलिकेत नाही."

ही युक्ती बऱ्याच घरांत चालते. तिच्यावर भरवसा ठेवू नये. नळीत हवा मारून स्टेथोस्कोपने आवाज ऐकायचा, त्यावरही नाही. पोटातलं पाणी येतं का, ते मी रिकाम्या सिरिंजने ओढून पाहिलं. काहीच आलं नाही.

"मग आत ढकला की थोडी."

"ढकलायची नाही. ती कुठे वळेल सांगता येत नाही. काढून नवी घालावी लागेल. ती पोटात आहे याची खात्री पटली नाही, तर हॉस्पिटलमध्ये जाऊन एक्स-रे."

"आणि फादरना काय सांगू? नवरा फिरायला गेलाय?"

काकांचा उजवा खांदा हलला. त्यांचं हसणं तेवढंच उरलं होतं.

मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी नळी बदलायला सांगितलं. नाकाच्या टोकापासून कानाच्या पाळीपर्यंत, तिथून छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत, असं जुनी नळी काढून मी नवीचं माप घेतलं. पुन्हा पंचावन्न. "काका, हनुवटी खाली. गिळायचा प्रयत्न करा." मावशींनी त्यांचा हात धरला आणि घरच्या बोलीत त्यांना काहीतरी दटावलं. काकांनी डोळे मिटून घेतले. खोकला नाही, श्वास नीट. नवी नळी आत गेली.

सिरिंज ओढली. या वेळी थोडं पिवळसर पाणी आलं. ते मी पीएच पट्टीवर टाकलं. पोटातलं पाणी आम्लधर्मी असतं. आकडा साडेपाच किंवा त्याखाली हवा. रंग चारशी जुळला.

"आता द्या," मी म्हणालो.

मावशींनी सिरिंज धरली. दूध दाबून ढकलायचं नसतं, आपोआप उतरू द्यायचं असतं. अर्धं उतरलं आणि फादर दारात आले. मी उठलो. मावशी जागच्या हलल्या नाहीत.

"फादर, जरा बसा. ह्यांचं होऊ दे. घाई केली तर श्वासात जातं."

सकाळपासून ज्यांच्यासाठी घाई चालली होती, ते फादर बाकावर बसले.

जाण्यापूर्वी मी नळीवर नाकपुडीशी मार्करने रेघ मारली. पुढच्या व्हिजिटला मावशी सिरिंज उचलण्याआधी मोठ्याने म्हणाल्या, "पंचावन्न." आणि काकांनी खांदा हलवला.

पुढे गिळणं सुधारलं आणि काकांची नळी निघाली. नळी होती तोवर त्यांना न्यूमोनिया झाला नाही, आणि दाढी एकदाही चुकली नाही. मी आता प्रत्येक घरी पहिल्याच दिवशी विचारून ठेवतो: पाहुणे कधी येणार आहेत आणि पेशंटला तयार कोण करणार आहे? नळी सरकते ती बहुधा मायेच्या हातानेच.