वाजवून घेतलेली बोट

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीत शाळा सुटली, मग पेन हातात यायचा तो सहीपुरता. ही वही कोणाच्या हाती लागलीच तर चुकांबद्दल माफ करावं. मामाजींबद्दल सांगायचं फार दिवसांपासून मनात आहे. परक्या चार माणसांत बोलायला माझी जीभ अजून उचलत नाही, म्हणून लिहिते.

मामाजी म्हणजे माझे सासरे. हाताला लागेल ती वस्तू वाजवून पाहायची, ही त्यांची सवय. माठ, टरबूज, खाटेचा पाय, दाराची कडी, सगळ्यावर मधल्या बोटाच्या गाठीनं टकटक करायचे आणि मान वाकडी करून ऐकायचे. मला पाहायला माझ्या माहेरी, लोधीखेड्याला आले तेव्हा त्यांनी मला नाव विचारलं नाही की स्वयंपाक विचारला नाही. मी पाण्याचा तांब्या ठेवला, तो त्यांनी उचलून वाजवला. म्हणाले, "भांडं खणखणीत हाय. घरची माणसं बी असतीनच." सगळे हसले. मी आत पळाले ती ते जाईपर्यंत बाहेर आले नाही.

ते रेल्वेत चावीवाले होते. रुळाला स्लीपरवर धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या असतात, त्या गाड्यांच्या धक्क्यानं ढिल्या होतात. आमच्या पांढुर्ण्यापासून लाइनीच्या कडेकडेनं चालत जायचं, हातोड्यानं एकेक चावी ठोकायची, रूळ वाजवून पाहायचा. कुठं आवाज बसका आला की तिथं तडा असायचा. उन्हाळा असो की पाऊस, नोकरीभर त्यांनी हेच केलं. त्यांचं बोलणंही त्यातलंच. "वाजवून पाह्य. लोखंड खोटं बोलत नाई," असं ते दिवसातून एकदा तरी म्हणायचे. हे, म्हणजे माझा नवरा, कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. तिथं नवा मॅनेजर आला तेव्हा यांनी घरी त्याची तक्रार केली. मामाजी म्हणाले, "आताच कायले बोलतं बे? थोडा वाजू दे त्याले."

माझं आणि त्यांचं बोलणं मात्र होत नव्हतं. सासूबाई होत्या तोवर त्यांच्यामार्फत चालायचं. त्या गेल्यावर मी चहाचा कप चौकटीजवळ ठेवून बांगड्या वाजवायची, की ते समजायचे. मी त्यांना घाबरत होते असं नाही. शब्दच बाहेर येत नसत.

मामाजी रिटायर झाले आणि त्याच सुमारास सौसरच्या पलीकडं नवं धरण भरलं. त्या पाण्याच्या पैल तीरावर त्यांची मोठी बहीण राहायची, सोनाआत्या. मामाजींची आई लवकर गेली, तेव्हा त्यांना कडेवर वागवलं ते या आत्यांनी. आत्यांचं घर टेकाडावर होतं म्हणून वाचलं, पण तिकडं जायचा रस्ता बुडाला. पूर्वी बस आणि तासभर चालणं, की पोचलं. आता दोन बसा बदलून, डोंगराला वळसा घालून जायचं म्हणजे अख्खा दिवस जायचा. आत्यांचे गुडघे गेलेले, त्यांना येता येईना. त्यांनी निरोप धाडला, "भावाले सांगा, मी पाण्याकडे तोंड करून बसून राहिली."

त्या निरोपानंतर मामाजी काहीच वाजवून पाहीनात. मग एका सकाळी चहा पिता पिता म्हणाले, "मी बोट घेऊन राहिलो. मोटारवाली."

यांचा घास हातातच राहिला. "बोट? पांढुर्ण्यात? जाम नदीत म्हशी बसल्या तं त्याईच्या पाठी बुडत नाहीत, बाबा!"

"जाम नदीत नाई बे. धरणावर. धरणाच्या ठेकेदाराचं काम संपलं, तो सामान विकून राहिला सौसरले. बहिणीकडे जाईन, अन् तिकडच्या गावाईतले लोक बाजाराले आणीन. रस्ता त्याईचाबी बुडालाच ना."

"तुम्हाले पोहता येते?"

"रुळावर चाललो जिनगीभर. मी काय रेल्वेगाडी होतो?"

खरी अडचण पैशांची होती. फंडाचे पैसे नणंदेच्या लग्नात आणि घरावरच्या स्लॅबमध्ये गेले होते. जे उरले ते म्हातारपणाच्या दवापाण्यासाठी होते. जुन्या बोटीत ते बुडाले तर पुन्हा येणार नव्हते, हे घरात सगळ्यांना कळत होतं. दोघं बापलेक आठ-दहा दिवस एकमेकांशी बोलले नाहीत. शेवटी यांनी तोड काढली. मामाजींनी बोट पाहायला जावं, पण पैसे माझ्या कमरेला राहतील. "हिले गोडगोड बोलून कोणी पैसे काढू शकत नाही," हे म्हणाले, "ही बोलतच नाही कोणाशी."

माझेही पैसे त्या दिवशी माझ्याजवळ होते. हंगामात मी बागेत संत्र्याच्या पेट्या भरायला जायची, त्याचे साठवलेले. सौसरला एका दुकानात जुनी शिलाई मशीन होती, ती पाहून यायचं यांनीच सांगितलं होतं. कमरेच्या पिशवीत दोन पुरचुंड्या केल्या, एक मामाजींची, एक माझी.

बसमध्ये जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला जाणाऱ्यांची गर्दी होती. मामाजी पुढं उभे, मी मागं. त्यांच्या पिशवीत हातोडा होता, स्वतःचा, घरच्या कामासाठी घेतलेला. प्रत्येक धक्क्याला तो बसच्या पत्र्यावर वाजत होता.

ठेकेदाराच्या आवारात पाणी पाहायला नव्हतं. उन्हात, मिक्सर आणि पाइपांच्या मधे दोन बोटी विटांवर ठेवलेल्या. एक पांढरी, चकचकीत, फायबरची. दुसरी लोखंडी, निळा रंग उडालेला, जागोजागी पोचे. ठेकेदाराचा मुनीम पान खात आला. "बाबा, ये सफेदवाली देख लो. एकदम हलकी, नई जैसी. डिझल भी कम खाती है."

मामाजींनी हातोड्यानं हळूच ठोकलं. भद्द. पुढं सरकून ठोकलं. भद्द. त्यांचा चेहरा उतरला. "इच्यात जीव नाई."

"अरे बाबा, फायबर है!"

"फायबर असो का काही असो. आवाज नाई तं आंगात तडा हाय."

मला वाटलं, आपली प्लास्टिकची बादलीही अशीच वाजते, म्हणून ती काय फुटलेली असते? शब्द ओठापर्यंत आले. पण मुनीम माझ्याकडं पाहत होता, मी पदर ओढून घेतला.

मग ते लोखंडी बोटीकडं वळले. आधी पोच्यांवरून हात फिरवला आणि मुनिमाला म्हणाले, "काहो, हे गोटमारीतून आली का? कोन्या बाजूनं होती, पांढुर्ण्याच्या का सावरगावच्या?" पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ही दोन गावं नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड फेकतात, तिची ही थट्टा. मुनीम इतका हसला की पान सांडलं. मामाजी बोटीखाली उताणे झोपले आणि एका टोकापासून ठोकत निघाले, लाइनीवर जात तसेच, एक हात सोडून एक ठोका. टण्ण, टण्ण, टण्ण. मागच्या बाजूला एका ठिकाणी टप्प झालं. ते थांबले. नखानं रंग खरवडला तर आत पुटिंग भरलेलं. "इथं वेल्डिंग करून द्या. अन् किंमत कमी करा."

इंजिन विहिरीवर बसवतात तसंच डिझेलचं होतं, फक्त त्याला मागं पंखा होता. बादलीनं पाणी घालून ते चालवलं. आवारभर धूर झाला. मामाजींनी डोळे मिटून ऐकलं. मग डोळे उघडून हसले. सासूबाई गेल्यापासून त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

घासाघीस होऊन किंमत ठरली. मी पाठमोरी होऊन त्यांची पुरचुंडी काढून दिली. मोजली तर कमी पडत होती. मुनीम म्हणाला, "उधार नहीं होता बाबा. कल मछलीवाला ठेकेदार भी आ रहा है देखने." मामाजींनी पैसे पुन्हा मोजले, जणू दुसऱ्यांदा मोजल्यानं वाढतील. मग हळूच बोटीवर हात ठेवून उभे राहिले. मला पाण्याकडं तोंड करून बसलेल्या आत्या दिसायला लागल्या.

मी माझी पुरचुंडी काढली आणि बोटीच्या काठावर ठेवली.

मामाजी म्हणाले, "हे तं तुये मशीनचे."

लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांच्याशी तोंड उघडून बोलले. "मशीन जाते कुठं मामाजी? आत्या म्हाताऱ्या झाल्या."

त्यांनी पुरचुंडी उचलली. "मग हे कर्ज हाय. सुनेचं नाई घेत मी, सावकाराचं घेतो. पैसा न् पैसा फेडीन."

परत येताना बस मशीनच्या दुकानावरून गेली. आम्ही दोघांनीही तिकडं पाहिलं नाही. यांना एवढंच सांगितलं की मुनिमानं किंमत उतरवली, मशीन काही पसंत पडली नाही. त्यातली पहिली गोष्ट तरी खोटी नव्हती.

संत्र्याच्या ट्रकमधून बोट धरणावर गेली. तिथल्या मासे धरणाऱ्या ढिवरांकडून मामाजी चालवायला शिकले. पोहता येत नव्हतं, म्हणून ट्रकच्या चाकाची ट्यूब कमरेत घालून बसायचे. पहिल्या फेरीला त्यांनी मलाही नेलं. "कर्ज देल्लं त्यानं माल पाहून घ्यावा," म्हणाले. हेही आले, सगळा वेळ काठ घट्ट धरून.

धरणाच्या पाण्याखाली अख्खं जंगल बुडालं होतं. सागाची वाळलेली खोडं कुठं पाण्याबाहेर, कुठं वीतभर खोलीवर लपलेली. मधोमध गेल्यावर बोट अशा एका खोडावर आदळली. टण्ण! मी डोळे मिटून घेतले. हे ओरडले, "गेलो बाबा, गेलो!"

मामाजींनी कान दिला. "काही नाई झालं. आवाज साफ हाय," म्हणाले आणि बाजूनं काढली. पलीकडच्या काठावर सोनाआत्या काठी टेकून उभ्या होत्या. मामाजी उतरले ते ट्यूब कमरेत तशीच ठेवून. आत्यांनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काय रे भाऊ, रिटायर झाला अन् चाक लावून घेतलं?" एवढं बोलल्या आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या. मामाजी त्यांच्या पाठीवर बोटाच्या गाठीनं हळूहळू टकटक करत राहिले.

पांढरी बोट मासळीच्या ठेकेदारानं घेतली होती. पहिल्याच हंगामात तिचं पोट खोडावर फाटलं. माणसं वाचली, बोट गेली. पुढं सौसरच्या बाजारात तो मुनीम भेटला. त्यानं मामाजींचे पायच धरले. "बाबा, आपको कैसे मालूम पडा?"

मामाजींनी सरळ सांगितलं, "मले काहीच नाई मालूम पडलं बावा. मी प्लास्टिकले लोखंड समजून ठोकलं. चुकलोच होतो." घरी आल्यावर त्यांनी ही गोष्ट हसत हसत सगळ्यांना सांगितली. त्या दिवशी मी बादलीची गोष्ट बोलले असते तर काय झालं असतं, ते मी तेव्हा कोणालाच सांगितलं नाही.

बाजाराच्या दिवशी बोट भरून यायची. बायका, टोपल्या, कोंबड्या, कधी एखादी बकरी. संध्याकाळी मामाजी पांढुर्ण्याला आले की स्वयंपाकघराच्या चौकटीशी बसायचे, रुमालाची गाठ सोडायचे आणि चिल्लर माझ्यापुढं सरकवायचे. "घ्या सावकारीणबाई." नाण्यांना डिझेलचा वास असायचा. मग कोण कोण आलं, कोणाची बकरी उलटली, आत्या काय म्हणाल्या, सगळं सांगायचे. आधी मी नुसती मान हलवायची. मग एखादा शब्द. पुढं पुढं पोळी तव्यावर करपेपर्यंत आम्ही बोलायला लागलो. हे विचारायचे, "बाबा तुले सावकारीण कायले म्हणतात वं?" मी म्हणायची, "त्यांची गंमत."

पैसे फिटत आले तशी मी मशीन घेतली. तीही मामाजींनी वाजवून पाहिली आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "हे लोखंडच हाय ना? आधी विचारलेलं बरं."

शेवटी एक रुपया राहिला. तो काही ते देईनात. प्रत्येक बाजारी म्हणायचे, "पुढच्या बाजारी देतो." एकदा मीच धीर करून म्हटलं, "मामाजी, तुमच्याकडं रुपया नाही का?" ते म्हणाले, "हाय ना. पन पुरं फेडलं तं तू पुन्हा मुकी होशीन."

एका हिवाळ्यात, बाजार करून आलेल्या रात्री, ते झोपेतच गेले. आजार नाही, कण्हणं नाही. पुण्यानुमोदनाला सोनाआत्या आल्या, त्याच बोटीतून. त्यांच्या मुलानं ती चालवत आणली. आता बोट तोच चालवतो.

सगळे जेवून बसल्यावर आत्यांनी कनवटीचा रुपया काढला आणि बसलेल्या सगळ्यांसमोर माझ्या हातावर ठेवला. "भावानं माझ्यापाशी ठेवला होता. म्हणे, मी गेलो का सावकारिणीले दे. त्याच्या आधी नको देऊ."

हे माझ्याकडं पाहायला लागले. "कसला रुपया? कोण सावकारीण?"

"मी," मी म्हटलं. आणि त्या भरल्या घरात, पदर न ओढता, सौसरच्या आवारापासून सगळं सांगितलं. बादलीचंही सांगितलं. माझा आवाज एवढा मोठा असेल हे मलाही माहीत नव्हतं. ऐकता ऐकता हे हसले आणि मग उठून बाहेर गेले.

मी तो रुपया खालच्या फरशीवर टाकून वाजवून पाहिला. आवाज साफ आला. मामाजींकडं माझं आता काही बाकी नाही.