बुधवारची मीटिंग मी थांबवली नाही

हेमलता निकम गेल्या, हे मला कळलं तेव्हा संध्याकाळचे साडेसहा वाजले होते आणि बारामतीतल्या आमच्या सेवा क्लबची बुधवारची मीटिंग चालू होती. क्षारपड जमिनीवर बोलायला एक तज्ज्ञ आले होते. पडद्यावर पांढऱ्या पडलेल्या रानाचं चित्र होतं, आणि माझ्या खिशातला फोन थरथरला. त्यांच्या मुलाचा, अमोलचा निरोप होता. न्यूमोनिया होऊन त्या चार दिवस दवाखान्यात होत्या. आदल्या दिवशी मी भेटून आलो तेव्हा ‘शनिवारचे डॉक्टर नक्की झाले का?’ एवढंच त्यांनी विचारलं होतं... आणि आता हे. यंदा क्लबचा अध्यक्ष मी आहे. मी उठलो, वक्त्यांची क्षमा मागितली आणि बातमी सांगितली. सभासद गेला की दोन मिनिटं उभं राहायचं आणि मीटिंग तहकूब करायची, अशी आमच्याकडे रीत. दोन मिनिटं झाली. मग मी म्हणालो, “बसा. मीटिंग पुढे चालू राहील.” तिघं उठून गेले. उरलेल्यांनी व्याख्यान पुरं ऐकलं, शनिवारच्या नेत्रतपासणीची कामं वाटून घेतली, आणि मग आम्ही सगळे मिळून त्यांच्या घरी गेलो.

गेले पाच आठवडे मी त्याबद्दल बोलणी खातो आहे. क्लबच्या ग्रुपवर एकाने लिहिलं की आपल्यातली माणुसकी संपली. भिगवण रस्त्यावर एका जुन्या स्नेह्याने गाडी थांबवून विचारलं की बाई होती म्हणून असं केलंत का, पुरुष असता तर केलं असतं का? हा प्रश्न मात्र मला झोंबला, कारण उत्तर नेमकं उलटं आहे. म्हणून सगळ्यांसमोर एकदाच सांगून टाकतो. माफी मागायला मी हे लिहीत नाहीये. पुन्हा तसा बुधवार आला तर पुन्हा तेच करीन.

हेमलताबाई मूळच्या अंथुर्ण्याच्या, शेतकऱ्याघरच्या. लग्न होऊन वालचंदनगरला कंपनीच्या क्वार्टरमध्ये आल्या आणि त्यांचे यजमान वसंतराव निवृत्त झाल्यावर दोघं बारामतीत राहायला आले. वसंतराव माझे मित्र. मीच त्यांना क्लबात ओढलं. आमचा मुख्य उद्योग डोळ्यांचा. शनिवारी एखाद्या गावात तपासणी करायची, मोतीबिंदू निघालेल्यांची यादी करायची आणि सोमवारी सकाळी त्यांना गाडीत बसवून पुण्याच्या दवाखान्यात न्यायचं. बुधवारी मीटिंग. मीटिंगच्या हॉलमागे एक छोटं स्वयंपाकघर आहे, तिथे हेमलताबाई पोहे आणि चहा करायच्या. बारा वर्षं केले. आम्ही सगळे त्यांना वहिनी म्हणायचो. त्यांचं नाव हेमलता आहे हे आमच्यातल्या निम्म्यांना ठाऊक नसावं. पोहे मात्र सगळ्यांना ठाऊक होते.

वसंतराव अचानक गेले. दिवस-वार झाले आणि पुढच्याच बुधवारी वहिनी हॉलवर आल्या. स्वयंपाकघरात गेल्या नाहीत. हॉलमध्ये येऊन तिसऱ्या रांगेत बसल्या. आम्ही म्हटलं, दुःखात आहेत, बसू द्या. पुढच्या बुधवारी पुन्हा आल्या. त्याच्या पुढच्या बुधवारीही. तेव्हाही अध्यक्ष मीच होतो. कुजबुज वाढली तसा मी मोठ्या समजूतदारपणे त्यांच्याजवळ गेलो आणि म्हणालो की वहिनी, एवढी दगदग कशाला, तुम्ही घरी बसून आम्हाला सल्ला देत जा. त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या, “घरी बसायला तर सगळेच सांगतायत, प्रतापराव. तुम्ही तरी काही वेगळं सांगा. सभासदाचा फॉर्म आहे का?”

नियमात बायकांना बंदी नव्हती. बंदी आमच्या डोक्यात होती. फॉर्ममध्ये ‘व्यवसाय’ असा रकाना असतो, आणि प्रत्येक व्यवसायाची माणसं ठरावीकच घ्यायची असतात. आमचे सचिव पेशाने वकील. त्यांनी हरकत काढली की गृहिणी हा व्यवसाय होत नाही. वहिनींनी रकाना कोराच ठेवला होता. म्हणाल्या, “मी बारा वर्षं तुमच्याकडे काय करत होते ते तुम्हीच ठरवा आणि लिहा.” शेवटी गुप्त मतदान ठरलं. दोन मतं विरोधात गेली तरी नाव बाद, असा नियम. वहिनींना मागे स्वयंपाकघरात थांबायला सांगितलं. चिठ्ठ्या मोजल्या, आणि बरोबर दोन विरोधात निघाल्या. मी मागे जाऊन त्यांना सांगितलं. त्या बरं म्हणाल्या, ओट्यावरचे कप विसळले आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्या दुकानात आल्या. माझं मोटारी आणि पंपांचं दुकान आहे. गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत बाजूला उभ्या राहिल्या. मग पर्समधून एक चिठ्ठी काढून काउंटरवर ठेवली. वर फुली मारलेली. मी ती उलटी केली. मागे माझ्याच दुकानाचं नाव छापलेलं होतं. आदल्या दिवशी चिठ्ठ्या कमी पडल्या म्हणून मी खिशातल्या बिलबुकाचं पान फाडून मत दिलं होतं, आणि मोजलेल्या चिठ्ठ्या आम्ही टाकल्या होत्या त्या हॉलमागच्या स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या डब्यात. ही आमची गुप्तता! रागाने बोलतील असं वाटलं होतं, पण त्यांचा आवाज चढला नाही.

“विरोध करा,” त्या म्हणाल्या, “पण कारण लिहायचं राहिलंय. तेवढं लिहून द्या.”

त्यांनी माझंच पेन माझ्यासमोर सरकवलं. मी ते हातात घेतलं... आणि मला एक अक्षर लिहिता आलं नाही. काय लिहिणार? त्या आत आल्या की आम्हाला पाय पसरून हवं ते बोलता येणार नाही, हे एक. आणि पोहे कोण करणार, हेही मनात होतं. खोटं कशाला बोलू! त्या पाचेक मिनिटं उभ्या होत्या. मग चिठ्ठी तिथेच ठेवून निघून गेल्या. ती रात्र मी कशी काढली ते माझ्या बायकोला विचारा. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली की तुम्हाला लाज वाटतेय ते बरंच आहे, वाटू द्या.

त्यानंतरचाच सोमवार. शनिवारी वडगाव निंबाळकरला तपासणी झाली होती आणि बावीस जणांची नावं यादीत होती. सकाळी सातला गाडी वडगावच्या चौकात जाऊन उभी राहिली. आठपर्यंत दोघं आले. फक्त दोघं. साडेआठला पुण्याहून दवाखान्याचा फोन, निघालात का? मी तडक वडगावला गेलो आणि यादीतल्या पहिल्या घराच्या अंगणात शिरलो. एक आबा गोठ्यापाशी बसले होते, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मी जरा चढ्या आवाजातच विचारलं की आला का नाहीत, शनिवारी सांगितलं होतं, काल भोंग्याची रिक्षा पण फिरवली होती.

“भोंगा आला व्हता, व्हय,” आबा म्हणाले. “पर भोंग्याला काय इचारायचं? मी पुण्याला गेलो तर म्हशीची धार कोण काढंल, त्ये भोंगा सांगतुया व्हय? बाईंचा फोन न्हाय आला. आमाला वाटलं, रद्द झालं.”

मी आणखी चार घरं फिरलो. सगळीकडे बाईंचा फोन. इतकी वर्षं दर रविवारी हेमलताबाई यादीतल्या प्रत्येक घरी फोन करत होत्या. नुसतं उद्या या म्हणून नाही. म्हशीची धार शेजारच्या कुणाला सांगायची, पाण्याची पाळी असली तर रानाला पाणी द्यायला, दारं धरायला कोण, नातवाला शाळेतून कोण आणील, सून नाही म्हणत असली तर तिच्याशी बोलायचं, रक्तदाबाची गोळी सकाळी घ्यायची की नाही ते डॉक्टरांना विचारून कळवायचं. हे सगळं अंथुर्ण्याच्या भाषेत, घरच्यासारखं. आणि आम्ही समजत होतो की आमचे फलक आणि आमचा भोंगा माणसं आणतात. अहवालात दरवर्षी ‘उत्स्फूर्त प्रतिसाद’ असं लिहायचो. मीच लिहायचो.

तिथून मी थेट त्यांच्या घरी गेलो. लाज वाटत होती, आणि लाज वाटली की माणूस चिडतो, तसा चिडलोही होतो. मी म्हणालो की राग आमच्यावर होता ना, मग त्या गरिबांना का शिक्षा? त्या गहू निवडत होत्या. ताट बाजूला ठेवून म्हणाल्या, “कोणाचा डोळा आठ दिवसांनी जात नाही, हे डॉक्टरांना विचारून घेतलंय मी. घाईचे दोघं होते, त्यांना फोन केला. ते आले ना? पुढच्या सोमवारी सगळ्यांना नेणार आहे, तुमचा क्लब असो नाहीतर नसो. पण हा एक सोमवार तुम्हाला दाखवायचाच होता.” ते दोघं कसे आले, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं.

बुधवारी मी पुन्हा त्यांचं नाव मांडलं. या वेळी चिठ्ठ्या नाहीत, हात वर करायचे. पहिला हात माझा होता. आधीची दुसरी चिठ्ठी कुणाची ते मला आजही माहीत नाही, पण त्या दिवशी सगळे हात वर गेले. व्यवसायाचा रकाना आम्ही कोराच ठेवून फॉर्म क्लबच्या मुख्य कार्यालयाकडे पाठवला. तो दोनदा परत आला. दोन्ही वेळा तसाच पुन्हा पाठवला.

सभासद झाल्यावरची पहिली मीटिंग तर मी विसरूच शकत नाही. सात वाजले, भाषण संपलं, आणि सगळ्यांच्या माना सवयीने मागच्या दाराकडे वळल्या. हेमलताबाई तिसऱ्या रांगेत निवांत बसलेल्या. शेवटी कुणीतरी विचारलं, चहाचं काय? “मीही तेच विचारणार होते,” त्या म्हणाल्या. तेव्हापासून आमच्याकडे पाळ्या लागल्या. निवृत्त बँक मॅनेजरांनी केलेले पोहे आम्ही खडीसारखे चावून खाल्ले, वकीलसाहेबांनी एकदा मिठाऐवजी पिठीसाखर घातली, आणि माझे पोहे तिसऱ्या वर्षी कुठे बरे व्हायला लागले. त्या सगळ्यांचे खायच्या. नावं ठेवायच्या, पण बशी पुसून खायच्या. मीटिंगमध्ये वहिनी म्हटलेलं मात्र त्यांना चालत नसे. ‘वहिनी घरी. इथे माझं नाव घ्या.’ माझी जीभ वर्षभर घसरत राहिली. दर वेळी त्या भाषण थांबवून दुरुस्ती करायला लावायच्या, पाहुणे असले तरी.

आता त्या बुधवारचं कारण. चार वर्षांपूर्वी आमचे एक ज्येष्ठ सभासद मीटिंगच्याच दिवशी गेले. आम्ही रीतीप्रमाणे मीटिंग तहकूब केली. शनिवारी अंथुर्ण्याची तपासणी होती. तिची कामं वाटायची राहिली, डॉक्टरांना कुणी कळवलं नाही, प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने केलं असेल. तपासणी झालीच नाही. दोन वाड्यावस्त्यांवरून म्हातारी माणसं चालत आली होती. एक आजी संध्याकाळपर्यंत शाळेच्या पायरीवर बसून राहिली, कारण तिला परत नेणारा मुलगा संध्याकाळी सुटणार होता. हेमलताबाईंना ते तिच्या तोंडून कळलं. पुढच्या बुधवारी त्या उभ्या राहिल्या. गेलेल्या सभासदाबद्दल चांगलं बोलल्या, मनापासून बोलल्या, डोळे भरून आले होते त्यांचे. आणि मग म्हणाल्या, “माझ्या वेळी असं कराल तर याद राखा. मी मेले म्हणून एका माणसाचीही तपासणी चुकता कामा नये.”

हे सगळ्यांनी ऐकलं होतं. उठून गेलेल्या तिघांनीही ऐकलं होतं. मग कुणाचं मन राखायचं होतं मी, त्या तिघांचं की हेमलताबाईंचं? आता मोठ्या हॉलमध्ये शोकसभा घ्या, पुढाऱ्यांना बोलवा, असाही आग्रह चाललाय. मी नाही म्हणून सांगितलं. ज्यांनी त्यांना आयुष्यभर वसंतरावांची बायको म्हणून नमस्कार केला, त्यांनी आता थोर समाजसेविका म्हणून भाषणं ठोकायची, हे मला ऐकवणार नाही. मला त्यांची आठवण येते. फार येते. तिसऱ्या रांगेकडे बघून बोलायची सवय लागली होती, ती जात नाही... पण आठवण येते म्हणून काम थांबवलं तर त्यांनी मला कधीही माफ केलं नसतं.

त्या गेल्या त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी अमोल दुकानात आला आणि त्यांचा फोन माझ्या हातात देऊन गेला. म्हणाला, नंबर सगळे यात आहेत, मला यातलं काही कळत नाही. मी उघडून बघितलं तर नावांच्या जागी नावंच नाहीत. ‘वडगाव, दोन म्हशी.’ ‘सून कारखान्यात.’ ‘घाबरतो, दोनदा सांगणे.’ ‘नातू साडेपाचला सुटतो.’ शनिवारची तपासणी झाली. सतरा नावं निघाली. रविवारी सकाळी मी चहा घेऊन बसलो आणि यादीतला पहिला नंबर त्या फोनवर दाबला. त्यांच्याकडे तो आधीपासून होता, ‘अंथुर्णे, एकटी राहते’ असा. एकच घंटी वाजली आणि पलीकडून म्हातारीचा आवाज आला.

“व्हय, बाई, बोला. तुमचीच वाट बघत व्हते.”

मी सांगितलं. बाई बुधवारी गेल्या. पलीकडून कोंबड्यांचा आवाज येत होता.

“मग तुमी कोण?” त्यांनी विचारलं.

अध्यक्ष म्हणणार होतो. सवयीने तेच ओठावर आलं होतं. “मी त्यांच्या क्लबातला,” मी म्हणालो. “गाडी उद्या सातला येणार आहे. तुमच्या घराला कुलूप लावून किल्ली कुणाकडे द्यायची, ते आधी ठरवू.”