काशीनाथदादांचा थांबलेला खोकला

नवापूरच्या कोळीवाड्यातून आले ती थेट लिहायलाच बसलेय.

मी बोईसरला टीबीच्या पेशंटांचं काम बघते. आज त्यातल्या काशीनाथदादांकडे गेले, तर महिन्याभराच्या गोळ्या डब्यात तशाच!

"खोकला गेला, मंग गोली कशाला?" दादा जाळं शिवत म्हणाले.

माझं डोकंच सणकलं. म्हटलं, "दादा, जंतू गेला नाय. शरीरातली राखणदार पेशी त्याला गिळते, पण तो तिच्या पोटातच घर करतो. आत शिरला की वाढायची जनुकं मंद करतो, तगायची चालू करतो. आणि गप पडून राहतो."

दादांचे हात थांबले. त्यांनी किनाऱ्यावर ताडपत्रीखाली झाकलेल्या आपल्या बोटीकडे बघितलं.

"म्हंजे पावसात आमी बोट वर काढतो, तशी?"

"तशीच."

"मंग नारली पुनव झाली का ती निघनारच."

मी काही बोलणार, तोच आतून त्यांची सून खोकली. पंधरा दिवस झाले म्हणे. कडेवर तान्हं मूल.

तिचा बेडका तपासायला घेऊन आलेय.

खोकला थांबला म्हणून तुमच्या घरात कुणी गोळ्या सोडल्यात का? विचारू नका. डबा उघडून बघा.