दिरम वीसला जाईपर्यंत

खरवईच्या तीन नंबर बिल्डिंगीत मिलिंदला मिलिंद म्हणायचा हक्क एकाच माणसाला आहे, त्याच्या बायकोला. आणि शालन तर त्याला ‘अहो’ म्हणते. बाकी सगळ्यांचा तो दिरमशेठ.

वीस वर्षं शारजात एसी दुरुस्त करून दोन वर्षांपूर्वी तो कायमचा घरी आला. पण सन सांगायची सवय त्याला राहिलेली नाही, तो दिरमचा भाव सांगतो. तो गेला तेव्हा एका दिरमला बारा रुपयेही पुरते मिळत नव्हते. प्रगती जन्मली तेव्हा पावणेअकरा. पोरगी झाली आणि भाव पडला, असं तेव्हा तो फोनवर बोलून गेला होता. पोरगी आता कॉलेजात आहे, तरी शालन ते वाक्य अधूनमधून त्याच्या ताटात भाजीसोबत वाढते. धाकट्या भावाचं लग्न साडेचौदाला. सोसायटीच्या बाकावर आण्णा मुद्दाम विचारतात, ‘शेठ, पाव किलो मिरची आज किती दिरमची?’ तो फोन काढून खरंच हिशेब करून सांगतो. म्हणून तर मजा येते.

एक भाव मात्र तो कधी उच्चारत नाही. अठरा रुपये सत्तर पैसे.

त्या वर्षी, म्हणजे दोन हजार तेराच्या ऑगस्टात, रुपया नुसता घसरत होता आणि शारजातल्या खोलीतली आठही माणसं खुशीत होती. इकडे रुपया पडला की तिकडचा पगार बाळसं धरतो. कामावरून सुटलं की सगळे मनी एक्स्चेंजच्या काचेसमोर जमायचे आणि आतला बोर्ड बघत चहा प्यायचे. पाठवायचं कोणीच नाही. आज पाठवणारा उद्या गाढव ठरायचा, असा तो काळ.

शालन तेव्हा उल्हासनगरच्या कॅम्प पाचात जीन्स शिवायला जायची. पँटमागे पैसे. हात इतका साफ की कारखान्याचे शेठ नव्या बायकांना तिच्या शेजारी बसवायचे. तिच्या मनात एकच होतं, अंबरनाथला स्वतःचा गाळा, चार मशीनं, आणि दुसऱ्याचा माल न शिवता आपला शिवायचा. तसा गाळा मिळालाही. साडेपाच लाख. मालकाने दसऱ्यापर्यंत मुदत दिली.

मिलिंदकडे बत्तीस हजार दिरम साठले होते. साडेअठराच्या भावाने पाच लाख ब्याण्णव हजार. गाळा होऊन वर बेचाळीस हजार उरत होते. पण आठ जणांच्या त्या खोलीत ठरलं होतं की दिरम वीसला जाणार. वीस म्हणजे सहा लाख चाळीस. त्याने शालनला फोनवर समजावलं की आठवडाभर थांब, चारही मशीनं फुकटात पडतील. खोलीतला एक मल्याळी तेवढा त्या अठरा सत्तरच्या दिवशी गुपचूप पैसे पाठवून मोकळा झाला. उरलेल्या सात जणांनी त्याची रात्रीच्या जेवणापर्यंत टिंगल केली. सगळ्यात मोठ्याने मिलिंदने.

गणपती बुडेपर्यंत भाव सव्वासतरा. घटस्थापनेला पावणेसतरा. आता साडेपाच लाखाला चौदा हजार कमी पडत होते. चौदा हजार काय, शालनने कारखान्यातून उचल घेतली असती. पण ज्याने डोळ्यांनी अठरा सत्तर बघितलं त्याला पावणेसतराला दिरम सोडणं म्हणजे खिसा कापून देण्यासारखं वाटे. तो पुन्हा थांबला. दसरा गेला, गाळा एका मोबाइल दुरुस्तीवाल्याने घेतला.

वीस भाव आला तो पाच वर्षांनी. त्या दिवशी मिलिंदने शारजात सगळ्यांना जिलबी वाटली आणि घरी फोन करून सांगितलं, बघ, मी म्हणालो होतो. तोवर तसल्याच गाळ्याला सतरा लाख सांगत होते. शालन ‘बरं’ म्हणाली आणि कामावर गेली.

गेल्या महिन्यात तोच गाळा पुन्हा विकायला निघाला. अठ्ठावीस लाख. दिरम चोवीसच्या वर गेलेला, वीस वर्षांची पुंजी गाठीला, मिलिंदला वाटलं आता कुठे अडतं. शालनला काही न सांगता रिक्षात घातलं, अंबरनाथला नेलं आणि गाळ्यात नेऊन उभं केलं. इसाराची रक्कम शर्टाच्या आत, दलाल दारात.

शालनने गाळा पाहिला. मानेला पट्टा होता तिच्या, दोन वर्षांपासून आहे. वाकून शिवण्याची हाडांनी काढलेली वसुली. मान वळत नाही म्हणून ती अख्खी फिरली आणि एका भिंतीकडे बोट केलं.

“दोन मशीनं इथे लावणार होते. उजेड इकडून येतो.”

“मग आता लाव की. चार लाव.”

“कोण बसणार? अर्धा तास बसलं की हाताला मुंग्या येतात.”

मिलिंद म्हणाला, बायका ठेवू, तू नुसती देखरेख कर. ती म्हणाली, देखरेख करायला मला गाळा कधीच नको होता. रागाने नव्हे. भाजीवाल्याला जुडी परत द्यावी तशा सुरात. मग तिने सांगितलं की त्या ऑगस्टात तिने आईची बांगडी मोडून दोन जुन्या मशीनांचा इसार दिला होता. मशीनं दसऱ्यानंतर दुसरीकडे गेली. इसार बुडाला.

मिलिंदला खाली बसायला काही सापडेना. दलालाने खुर्ची पुढे केली, त्याने ती शालनकडे सरकवली.

“शाले, एकदा तरी बोलायचंस मला.”

“बोलले होते. बांगडी मोडली त्याच दिवशी फोन केला. तुम्ही म्हणालात, थांब जरा, बोर्ड बदलतोय.”

त्याला तो बोर्ड आठवला. त्या दिवशीचे आकडेही आठवले, पैशासकट. फोन काही केल्या आठवेना.

दलालाने विचारलं, मग शेठ, काय करायचं. शालननेच त्याला सांगितलं की तुमची उगाच खोटी केली, राग मानू नका. आणि पट्टा सावरत ती रिक्षा बघायला रस्त्यावर गेली.