ओलं फडकं

साखर कारखान्याच्या सुरक्षा विभागात मी एकोणतीस वर्षं कारकून होते. कुठं अपघात झाला की आमचे साहेब चौकशीला जायचे आणि वही घेऊन मी त्यांच्यामागे. कोण कुठं उभा होता, हातात काय होतं, पायाखाली काय होतं, सगळं लिहून घ्यायचं. समोर माणूस बसला की साहेब आधी म्हणायचे, "तुझी चूक काढायला आलो नाही. पुन्हा कुणाला लागू नये म्हणून आलोय." हे वाक्य मी इतकं ऐकलं होतं, की निवृत्त झाल्यावर ते मला माझंच वाटायला लागलं होतं.

माझ्या धाकट्या भावाचं सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याजवळ हायवेला हॉटेल आहे. अख्खा मसूर आणि ज्वारीची भाकरी खायला लोक गाडी थांबवून येतात. एका सोमवारी सकाळी भावजयीचा फोन आला. आदल्या दिवशी दुपारी, ऐन गर्दीत, मसुराचं उकळतं पातेलं भाकरी करणाऱ्या मावशींच्या पायावर सांडलं होतं. "अक्का, तुम्ही कारखान्यात हेच बघत होतात ना? एकदा येऊन जा. ह्यांना काही सुचत नाहीये."

दुसऱ्या दिवशी पहाटे सांगलीहून निघाले ती आधी साताऱ्याला, दवाखान्यात गेले. मावशी म्हसवडच्या. पन्नाशीच्या, अंगानं बारीक, पण दिवसाला दोन-दोनशे भाकऱ्या थापणाऱ्या. डावा पाय गुडघ्यापर्यंत बांधलेला होता.

"मसूर लय चिकाट असतोय, अक्का," त्या म्हणाल्या. "नुसतं पाणी आसतं तर वघळून गेलं आसतं. ह्यो बसला चिकटून."

"झालं कसं?"

"मीच मागं सरले. माझंच ध्यान न्हवतं."

हे त्या माझ्याकडे न बघता बोलल्या.

हॉटेलात पोचल्यावर भटारखान्यात पाच-सहा जणांना विचारलं. सगळ्यांचं उत्तर एकच. मावशी मागं सरल्या, धक्का लागला, पातेलं कलंडलं. शब्दसुद्धा तेच. कारखान्यात असं झालं की साहेब पेन खाली ठेवायचे. चार माणसांनी एक गोष्ट पाहिली तर ती चार तऱ्हांनी सांगतात. एकाच तऱ्हेनं सांगितली तर ती आधी ठरलेली असते.

मग मी फरशी बघितली. घासून काढली होती, पण सांध्यांत मसूर वाळून बसला होता. सांडल्याची जागा मावशींच्या पाटापासून दोन पावलं लांब होती, शेगडीच्या बाजूला. म्हणजे पातेल्याला त्यांचा धक्का लागलेलाच नव्हता. पातेलं तिथं पडलं आणि मसूर उडून, वाहून त्यांच्यापर्यंत आला. त्यांना उठून पळताही आलं नाही, कारण मागे डीप फ्रीजर होता. तो उन्हाळ्यात आणला आणि जागा नाही म्हणून जाण्यायेण्याच्या वाटेतच ठेवला होता.

मी भावाला बाजूला घेतलं. "हे बघ, मी नीट चौकशी करते. पण कुणालाही कामावरून काढायचं नाही. तरच खरं बाहेर येईल."

गल्ल्यावर बसल्याबसल्या तो म्हणाला, "बरं, अक्का."

त्याचं ते "बरं" मी खरं धरलं.

आचारी मागच्या बाजूला पाण्याच्या टाकीपाशी उभा होता. चाळिशीचा, कवठे महांकाळचा, सात वर्षं भावाकडे होता. मुळात कमी बोलणारा. मी साहेबांचं वाक्य म्हटलं, जसंच्या तसं. आणि पुढं माझ्या पदरचं घातलं, "तुमच्या नोकरीला काही होणार नाही. माझा शब्द."

त्यानं तळहात उघडून माझ्यापुढं धरले. दोन्ही हातांच्या बोटांवर पाणी धरलेले फोड होते. दोन दिवस त्यानं ते कुणालाही दाखवले नव्हते.

"पातेलं मीच सोडलं, अक्का."

"कशामुळं?"

"फडकं वलं व्हतं. कोरड्या फडक्यानं धरलं तर येळ मिळतोय. वल्यातनं वाफच हाताला लागती. कळायच्या आत सुटलं बगा."

"कोरडं नव्हतं?"

"समदी कोरडी फडकी टेबलं पुसाय गेल्याली. मी दोनदा मागितली व्हती, वैनींकडं आन् मालकांकडं. आन् त्ये पातेलं दोघांचं हाय. दुसऱ्याला मालकांनी भायेर गाड्या लावून घ्याय धाडलं. गिऱ्हाईक वरडत व्हतं. मंग उचललं येकट्यानं."

"मावशी म्हणतात, त्याच मागं सरल्या."

"त्येनीच तसं सांगा म्हनल्या, दवाखान्यात नेताना. मला ऱ्हावंना झालंय, अक्का. त्येंचा पाय जळाला, आन् चूकबी त्येंच्याच नावावर."

भावजयीला मी त्याच्या हातांना लावायला मलम आणायला सांगितलं आणि एका कागदावर सगळं लिहून काढलं. कारखान्यात लिहायचो तसंच, घडलं त्या क्रमानं. पहिलं वाक्य होतं : आचाऱ्याच्या हातून पातेलं सुटलं. मग का सुटलं, एकटा का होता, फडकं ओलं का होतं, मावशींना हटता का आलं नाही. शेवटी काय काय बदलायला हवं ते. कागद भावाच्या हातात दिला आणि संध्याकाळच्या एसटीनं सांगलीला आले. त्या प्रवासात मी समाधानी होते, हे आज सांगताना मला लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी दुपारी भावजयीचा फोन आला. आवाज पडलेला होता. "अक्का, आचाऱ्याला काढलं ह्यांनी."

मी भावाला फोन केला.

"तू मला बरं म्हणालास ना?"

"अक्का, त्यानं स्वतः कबूल केलंय तुझ्याजवळ. तूच लिहिलंयस, पहिल्याच ओळीत. उद्या मावशींच्या घरचे आले तर मी काय सांगू त्यांना?"

"त्याच्याखालच्या ओळी वाचल्यास का?"

"वाचल्या. फ्रीजर हलवतोय मी."

"आणि दुसऱ्या माणसाला बाहेर कुणी पाठवलं?"

तो चिडला. "तुझा कारखाना मोठा होता, अक्का. तिथं चौकशीला वेळ असतो. इथं गिऱ्हाईक दारात उभं असतं." आणि त्यानं फोन ठेवला.

त्यानं फ्रीजर खरंच हलवला. दोन डझन फडकी आणली, टेबलांची वेगळी आणि भटारखान्याची वेगळी. मोठं पातेलं माळ्यावर टाकून एकट्याला पेलतील अशी दोन आणली. मावशींच्या दवाखान्यातही त्यानं काही कमी पडू दिलं नाही. मी कागदावर लिहिलेलं सगळं झालं, आणि ज्यानं ते मला सांगितलं होतं तो माणूस तेवढा गेला.

अडीच महिन्यांनी मावशी कामावर आल्या. पायाची कातडी आखडल्यामुळं पाटावर बसता येईना, म्हणून भावजयीनं उंच ओटा करून दिला. मी भेटायला गेले तर नमस्कार केला, चहाही दिला, पण बोलल्या ते तोडून. "त्यो गेला म्हनून माजा पाय बरा झाला व्हय, अक्का? मी सांगत हुते ते काय वाईट हुतं? मला कोन काढनार हुतं?"

त्यानंतर थोड्याच दिवसांची गोष्ट. भाज्या चिरणाऱ्या एका बाईंचा अंगठा वाटण करताना मिक्सरच्या पात्यानं चांगलाच कापला. त्यांनी चिंधी गुंडाळली, वर प्लॅस्टिकची पिशवी बांधली आणि आठ दिवस तसंच काम केलं. हात सुजला तेव्हा भावजयीच्या लक्षात आलं. बघितलं तर मिक्सरच्या झाकणाची खिट्टी केव्हाच तुटली होती. झाकण न लावताही तो चालू व्हायचा. भटारखान्यात ते सगळ्यांना माहीत होतं.

"सांगितलं का नाही कुणी?" भावजय कळवळून विचारत होती. सगळे आपापलं काम करत राहिले. शेवटी मावशीच म्हणाल्या, "सांगून काय हुतंय ते समद्यांनी बगितलंय की, वैनी."

हे भावजयीनं मला फोनवर सांगितलं आणि मला राहवेना. दुसऱ्या दिवशी मी कवठे महांकाळला गेले. स्टँडजवळच्या एका खानावळीत आचारी आता कामाला होता. मला बघून बाहेर आला, खुर्ची पुसून दिली. मी त्याची माफी मागितली. सरळ शब्दांत. तो अवघडला.

"आवं अक्का, तुमी कशाला. तुमी इचारलं, मी सांगितलं."

"राग नाही आला?"

"आला की. लय आला. घरात तोंड दाखवाय नको वाटाय लागलं." मग म्हणाला, "फकस्त आता कुनी इचारलं तर म्या सांगनार न्हाई. हितं मालक बरा हाय. तरीबी न्हाई."

त्यानं रागावून मला घालवून दिलं असतं तर ते सोसायला सोपं गेलं असतं.

तिथून मी तशीच खंडाळ्याला गेले आणि भावाला समोर बसवून सगळं सांगितलं, अंगठ्याचंही. तो म्हणाला, "मी चुकलो, अक्का. पण आता काय करू?" त्यानं माझ्यासमोर आचाऱ्याला फोन लावला, परत ये म्हणाला. पलीकडून "बघू मालक" एवढंच आलं. तो आला नाही, येणारही नव्हता.

मग मी म्हटलं, "मला म्हणालास ते आत काम करणाऱ्यांना म्हण."

दुपारची गर्दी ओसरल्यावर त्यानं सगळ्यांना भटारखान्यात बोलावलं. माझा भाऊ बोलायला पटाईत आहे, पण त्या दिवशी त्याचं वाक्य पुरं होईना. "दुसऱ्याला बाहेर मी पाठवलं होतं. फडकी मी आणली नव्हती. आचाऱ्याला काढलं ते माझं चुकलं. पुढं कुणाला लागलं, कुठं काही मोडलं, तर मला सांगा. कुणाला काढणार नाही."

सगळ्यांनी ऐकून घेतलं. कुणी मान हलवली नाही, कुणी काही विचारलं नाही. मावशींनी परातीत पीठ घेतलं. बाकीचे पांगले.

याला आता वर्ष होत आलं. महिन्यातून एकदा मी जाते, भटारखान्यात तासभर बसते, तारा, नळ्या, झाकणं बघते. जे डोळ्यांना दिसतं ते दुरुस्त होतं. काही लागलं का, म्हणून मी विचारते. "न्हाई अक्का, समदं बरं हाय," असं सगळे सांगतात, आणि अजून ते अगदी सारख्याच शब्दांत सांगतात.