गाऱ्हाण्याला मी होकार दिला नाही

"लांब उभो ऱ्हव. सुतक फिटला, दोष फिटाक नाय."

देवळाच्या पायरीवरून मानकरी माझ्या बापाला म्हणाला. बाप उन्हात सरकला. त्याच्या मागे मी. चौदा-पंधरा वर्षांची.

आम्ही ठाकर. जत्रेत चित्रं दाखवून, बाहुल्या नाचवून कथा सांगायचा मान आमच्या घराचा. मान कसला! कथा देवळात, जेवण अंगणाच्या कडेला, पत्रावळ लांबून सरकवलेली. देश स्वतंत्र होऊन दहाएक वर्षं झाली होती म्हणे. आमच्या वाडीत ते सांगायला कुणी फिरकलं नव्हतं.

दोन महिन्यांपूर्वी माझ्या दादानं जीव दिला होता. एकोणीस वर्षांचा. सातवी पास. गावच्या शाळेत मास्तर हवा होता, म्हणून अर्ज घेऊन ह्याच मानकऱ्याकडे शिफारशीला गेला. ओटीवर चार माणसं बसली होती. त्यांच्यासमोर मानकऱ्यानं अर्ज फाडला. "ठाकरान भावल्यो नाचवच्यो." माणसं हसली.

त्यानंतर दादा बोलेना. जेवेना. आम्ही काय म्हणालो? माजला. शिकला म्हणून माजला. हे मीही म्हणाले. त्याच्या शेजारी बसून काय झालं ते एकदाही विचारलं नाही. ही गोष्ट मला अजून जाळते.

आता जत्रा तोंडावर आली होती आणि गावानं देवापुढं गाऱ्हाणं घातल्याशिवाय आमच्या घराला देवळात पाऊल टाकता येणार नव्हतं. मानकऱ्यानं हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! ह्या ठाकराच्या झिलान जीव दिल्यान. तेचो दोष तेच्याच घराच्या माथ्यार ऱ्हवांदे, गावाक राखून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव बोलला. बापही बोलला. आपल्याच मेलेल्या पोराविरुद्ध. न बोलून करतो काय? मान गेला, त्याचं धान्य गेलं, तर वर्षभर चूल कशावर पेटणार?

माझ्या तोंडून निघालंच. "नाय म्हाराजा! दादाचो अर्ज ह्येनाच फाडल्यान!"

मान गेला. तिथल्या तिथे.

घरी बापानं मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. चित्रं फडक्यात गुंडाळून आढ्याला टांगली आणि तोंड मिटलं. ताटावर बसायचा, दोन घास चिवडून उठायचा. दादाचं अगदी असंच झालं होतं. मी घाबरले. पुढं मानकरी, मागं दादाचं मरण, मध्ये आम्ही. हलायला जागा नव्हती.

चौथ्या दिवशी मी त्याच्यासमोर बसले. "बाबा, तुका मरूचा वाटता काय?"

आते, बापाची बहीण, चुलीकडून ओरडली, "असला अभद्र तोंडातसून काढू नको गो!" आमच्यात समजच तसा. मरण बोललं की घरात येतं. दादाच्या वेळी आम्ही बोललो नव्हतो. तरी आलंच ना?

बाप म्हणाला, "रोज वाटता. सकाळी उठलंय काय पयला ताच वाटता." आणि रडला. मी त्याला पहिल्यांदा रडताना पाहिलं. आते चुलीवरून उठून त्याच्याजवळ येऊन बसली.

त्या दिवसापासून आम्ही त्याला एकटं सोडलं नाही. मी, आते, शेजारचा काका. पाळी लावून. तो बोलला की ऐकायचं, शहाणपण शिकवायचं नाही. पोटाला गवत कापलं, लाकडं विकली. अर्धपोटी राहिलो. बरं व्हायला त्याला दोन पावसाळे लागले. जगला.

देवळाचा मान आम्ही परत मागितला नाही. मागणारही नाही.

आज वाडीत कुणी गप्प झालं, जेवण टाकलं, की मी त्याच्या दारात जाऊन बसते. मरायचं वाटतं का, असं सरळ विचारते. लोक मला अभद्र तोंडाची म्हणतात. म्हणू देत. आणि त्या माणसाला तिथवर ज्यानं ढकललं, त्याच्या ओटीवर मी जाब विचारायला चढते. चार माणसं बसलेली असतील तेव्हाच.