ओवीतलं नाव

आमच्या गायकवृंदाच्या ओव्यांच्या कॅसेटमध्ये एक प्रेमाची ओवी करमाडच्या माझ्या मावशीची होती. दळताना बाया ओवीत आपल्या माणसाचं नाव गुंफतात. मावशीनं गुंफलेलं नाव नवऱ्याचं नव्हतं, गावातल्याच दुसऱ्या एकाचं होतं.

"तेवढं नाव बदल रं बाबा," ती म्हणाली. मी हो म्हणालो.

कॅसेट गावच्या हॉटेलात वाजली. वीस बायकांच्या आवाजात काकांनी ते नाव ऐकलं. कव्हरवर ओवीखाली मावशीचे आभार मी छापले होतेच. काका मरेपर्यंत तिच्याशी बोलले नाहीत.

बदलायचं राहून गेलं, असं मी तिला सांगितलं.

"व्हय, ऱ्हातं कधी कधी," ती म्हणाली.

राहिलं नव्हतं. दुसरं नाव चालीत बसेना, म्हणून मी तेच ठेवलं.